वाचकांचे प्रश्न : कॅमेरा जिन्यात, पडदा अध्यक्षांच्या मोबाइलवर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे सोसायटीतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांविषयी होती आणि पाचही खान्देशातील वसाहतींची होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : जळगाव शहरात आमची अठ्ठेचाळीस सदनिकांची नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहे. शेजारच्या इमारतीतून दुचाकी चोरीस गेल्यानंतर आमच्या व्यवस्थापक समितीने सभा न बोलावता सोळा कॅमेरे बसवून घेतले. फाटक आणि वाहनतळ येथील कॅमेऱ्यांना कोणाचीच हरकत नाही. परंतु प्रत्येक मजल्यावरील कॅमेरा समोरासमोरच्या दारांवर रोखलेला असल्यामुळे दार उघडताच आमची बैठकीची खोली त्यात दिसते. एक कॅमेरा गच्चीवरही आहे. चित्रण अध्यक्ष व सचिव यांच्या मोबाइलवर चोवीस तास दिसते. मध्यंतरी रात्री उशिरा परतलेल्या एका भाडेकरू मुलीचे व तिला सोडायला आलेल्या तरुणाचे छायाचित्र ‘हे कोणाकडे आले होते?’ असा मजकूर लिहून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यात आले. आक्षेप घेतला तेव्हा ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?’ असे आम्हालाच विचारण्यात आले. समितीला असे करण्याचा अधिकार आहे का?
— एक सभासद, जळगाव

उत्तर : आपल्या पत्रात खर्चाचा प्रश्न आणि नजरेचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे केल्याशिवाय सभेत आपले म्हणणे टिकणार नाही, कारण समिती पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा गुंडाळून टाकील.

खर्चाचे आधी पाहू. समिती सभेच्या पूर्वमंजुरीशिवाय किती रक्कम खर्च करू शकते, याची मर्यादा सभासदसंख्येनुसार संस्थेच्या उपविधींत, म्हणजे तिच्या नोंदणीकृत नियमांत, दिलेली असते. आपल्या संस्थेची नोंदणीकृत उपविधींची प्रत सचिवांकडून लेखी अर्ज करून मागवा आणि बिलाची रक्कम तिच्याशी ताडून पाहा. रक्कम मर्यादेबाहेर असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे यायलाच हवा होता. समिती सभा बोलावत नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे एक पंचमांश सभासदांना लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यास समितीला भाग पाडता येते. आपल्या संस्थेत त्यासाठी दहा सह्या पुरेत. आदर्श उपविधींनुसार विशेष सभेची नोटीस पाच पूर्ण दिवसांची असते, आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे किमान उपस्थिती म्हणून, दोन तृतीयांश सभासद किंवा वीस यांपैकी जी संख्या कमी ती लागते. आपल्याकडे ती वीस होईल. या सभेने झालेल्या खर्चाला मागाहून मान्यता दिली तर तो वाद तेथेच मिटेल, आणि व्यवहार चोख असेल तर तो तसा मिटू द्यावा असे माझे मत आहे. हिशेबाच्या भांडणात सभेचा सगळा वेळ गेला, तर गच्चीवरचा कॅमेरा आहे तेथेच राहील.

नजरेच्या प्रश्नात मात्र बहुमताने सर्व काही भागत नाही. जिना, वाहनतळ, लिफ्टसमोरची जागा ही सामाईक जागा आहे आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्था करण्याचा संस्थेला अधिकार आहे. आपल्या बैठकीची खोली ही सामाईक जागा नाही. सत्तेचाळीस सभासदांनी हात वर केले तरी अठ्ठेचाळिसाव्याच्या घरात पाहण्याचा हक्क संस्थेला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्धचा आहे, हे खरे. तथापि त्यामागील विचार खासगी वादांतही उतरू लागला आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सहरहिवाशाच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तो वाद एकाच वास्तूतील सहरहिवाशांचा होता, सोसायटीचा नव्हता, म्हणून तो निर्णय आपल्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही. सभेत युक्तिवाद करताना तो हाताशी असावा, एवढेच.

यावरचा उपाय मात्र न्यायालयात जाण्याइतका अवघड नाही, कारण तो शिडी आणि पेचकस घेऊन तासाभरात होण्यासारखा आहे. मजल्यावरील कॅमेरा दारांच्या समोरून काढून दारांच्याच बाजूच्या भिंतीवर, जिन्याच्या पायऱ्यांकडे तोंड करून लावला, तर वर येणारा आणि खाली जाणारा प्रत्येक माणूस टिपला जातो आणि उंबऱ्याच्या आतले काहीच दिसत नाही. जागेअभावी कोन बदलता येत नसेल, तर चित्रण साठवणाऱ्या बहुतेक यंत्रांत चित्राचा नको असलेला भाग काळ्या पट्टीने कायमचा झाकण्याची सोय असते. ती वापरायला तंत्रज्ञाला सांगावे, आणि झाकलेल्या चित्राची छापील प्रत संबंधित घरमालकाला द्यावी, म्हणजे पुढे शंका राहणार नाही.

गच्चीवरील कॅमेऱ्याबद्दल मी अधिक कडक आहे. खान्देशात गच्ची ही उन्हाळ्यातील राहती खोलीच असते. फाल्गुन सरला की तेथे पापड, कुरडया आणि बिबडे वाळत पडतात, पदर खोचलेल्या बायका दिवसभर तेथे वावरतात. आणि वैशाखात घरातील भिंती रात्रीही तापलेल्या असताना अर्धी इमारत अंथरुणे घेऊन वर झोपायला जाते. झोपलेल्या माणसांचे रात्रभर चित्रण करून कोणती चोरी थांबते, हे समितीने सभेत सांगावे. पाण्याच्या टाकीची किंवा सौर पट्ट्यांची काळजी असेल, तर कॅमेरा गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूस, जिन्याकडे रोखून लावावा. वर कोण गेले याची नोंद राहते आणि वर गेलेल्या माणसाला मोकळे बसता येते. एखाद्या स्त्रीच्या खासगी कृतीचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालील गुन्हा आहे, आणि संमतीविना शरीराच्या खासगी भागाचे चित्र टिपणे किंवा प्रसारित करणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. समितीचा हेतू तसा नसेलही. पण गच्चीवर अखंड चालणाऱ्या कॅमेऱ्यात केव्हा काय टिपले जाईल, हे समितीच्या हातात नसते.

आता छायाचित्राविषयी. आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे, आणि आपण ती शेवटी लिहिली याचे मला वाईट वाटले. भाडेकरू मुलीला सभेत मत नाही, पण त्यामुळे तिच्या अब्रूवर सभेची मालकी येत नाही. चोरी रोखण्याच्या नावाखाली सभासदांकडून घेतलेल्या पैशांतून उभी राहिलेली यंत्रणा एका मुलीच्या येण्याजाण्यावर शेरा मारण्यासाठी वापरली गेली. त्या मजकुरातून निघणारा अर्थ बदनामीच्या कक्षेत जाऊ शकतो, आणि तो ज्याने लिहिला त्याची जबाबदारी वैयक्तिक आहे, त्याला समितीच्या मागे लपता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. एखाद्या व्यक्तीने केवळ स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेला वापर त्या कायद्यातून वगळलेला आहे. संस्था मात्र ‘व्यक्तीचे घरगुती काम’ या सवलतीत बसणे कठीण आहे, हे पदाधिकाऱ्यांनी आताच लक्षात घ्यावे. त्या मुलीची इच्छा असेल तर तिने संस्थेला लेखी तक्रार द्यावी आणि आपल्यासारख्या सभासदाने तिच्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही करावी.

सभेत जो ठराव मांडाल, त्यात कॅमेऱ्यांची संख्या असो वा नसो, पुढील गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत : प्रत्येक कॅमेरा कोणत्या जागेवर आणि कोणत्या दिशेला आहे, चित्रण किती दिवस ठेवायचे, ते पाहण्याची परवानगी कोणत्या दोन व्यक्तींच्या एकत्रित उपस्थितीत मिळेल, प्रत्येक वेळी पाहणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि कारण एका नोंदवहीत लिहिले जाईल, आणि कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या मोबाइलवर थेट चित्रण राहणार नाही. शेवटच्या अटीला विरोध होईल. अध्यक्ष म्हणतील, मी गावाला असताना काही घडले तर? त्यावर उत्तर असे, की फाटकावर वॉचमन आहे, त्याच्याजवळ फोन आहे, आणि अध्यक्षांनी चाळीसगावच्या लग्नमंडपात बसून आपल्या जिन्यात कोण चढते ते पाहिल्याने चोर थांबत नाही. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा, हेही ठरावातच असू द्या. नव्या समितीच्या काळात जुन्या सचिवांच्या मोबाइलवर सोसायटी दिसत राहणे हा प्रकार अगदीच विरळा नाही.

एवढे होऊनही समिती ऐकत नसेल, तर आधी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. संस्थेच्या कारभाराविषयीचा वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयातही नेता येतो. आपली इमारत सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील घोषणापत्राने बांधलेली असेल, तर मात्र उपविधी त्या घोषणापत्रासोबत जोडलेले असतात आणि वाद नेण्याचा रस्ताही वेगळा असतो. आपल्या खरेदीखतात यांपैकी काय लिहिले आहे, ते सर्वांत आधी पाहावे.

प्रश्न : आम्ही भुसावळचे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलींकडे जाऊन सोळाव्या दिवशी परतलो तर कुलूप तोडलेले. सोसायटीकडे चित्रण मागितले तेव्हा ‘पुसले गेले’ असे उत्तर मिळाले. चौदा कॅमेरे आहेत, दरवर्षी देखभालीचा खर्च घेतात. यात कोणाचा हात असावा अशी शंका येते.
— सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : हात असेलच असे नाही, हिशेब चुकलेला असण्याची शक्यता अधिक आहे. साधारण स्पष्ट चित्र देणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने नोंद करीत असेल, तर एका दिवसाचे चित्रण सुमारे २१.६ जीबी होते. चौदा कॅमेऱ्यांचे दिवसाला तीनशे जीबी. विक्रेत्याने यंत्रात चार टीबीची, म्हणजे चार हजार जीबीची, हार्ड डिस्क बसवली असेल, तर ती साधारण तेराव्या दिवशी भरते आणि यंत्र सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहू लागते. आपण सोळाव्या दिवशी परतलात. चोरी आपण गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाली असेल, तर कोणी बोट न लावताही ते चित्रण गेले. महिनाभराचे चित्रण हवे असेल, तर याच वेगाने सुमारे नऊ टीबी लागतील. हालचाल असेल तेव्हाच नोंद करण्याची सोय वापरली किंवा वेग कमी ठेवला तर कमीतही भागते. खान्देशात आखाजी आणि मे महिन्यातील लग्ने यांमुळे घरे पंधरा-पंधरा दिवस कुलूपबंद असतात, त्यामुळे आपल्याकडे तीस दिवसांपेक्षा कमी साठवण घेणे म्हणजे चोराला सवलत देणे आहे. दरपत्रक मागवताना सोसायट्या कॅमेऱ्यांची संख्या आणि किंमत विचारतात. ‘चित्रण किती दिवस राहील’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर दरपत्रकावर लिहून घेणारी समिती मला क्वचितच आढळली आहे.

तरीही एक गोष्ट तपासायला सांगा. यंत्र कोठे ठेवले आहे? पत्र्याच्या वॉचमन केबिनमध्ये, कुलूपबंद लोखंडी पेटीत, अशी जागा असेल तर आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी त्या पेटीतील तापमान किती होत असेल याची कल्पना रेल्वेच्या माणसाला वेगळी द्यायला नको. हार्ड डिस्क उष्णतेने आधी अडखळते आणि नंतर बंद पडते; पडद्यावर थेट चित्र मात्र दिसत राहते, त्यामुळे नोंद थांबल्याचे महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. यंत्र तळमजल्यावरच्या हवेशीर खोलीत असावे, त्याला यूपीएस असावा, आणि दर सोमवारी कोणीतरी दहा दिवसांपूर्वीचे पाच मिनिटांचे चित्रण उघडून पाहिल्याची सही नोंदवहीत करावी. त्याच वेळी यंत्रातील घड्याळ घरच्या घड्याळाशी जुळते का, हेही पाहावे. वीस मिनिटे पुढे असलेल्या घड्याळाने चांगला पुरावा वादात सापडतो. रात्रीच्या कॅमेऱ्यांसमोर कोळ्याचे जाळे असेल तर कॅमेऱ्यातून निघणारा अदृश्य (इन्फ्रारेड) प्रकाश त्यावरून परतून सगळे चित्र पांढरे होते. केरसुणीचा एक फटका पुरतो, पण तो कोणी मारायचा हे ठरलेले नसते.

प्रश्न : धुळ्यात देवपूर भागात आमची बंगल्यांची कॉलनी आहे. सोसायटी नोंदवलेली नाही, केवळ रहिवाशांचे मंडळ आहे. मंडळाने दोन्ही तोंडांना लोखंडी फाटके बसवली असून आता वर्गणी काढून रस्त्यावर कॅमेरे लावायचे ठरवले आहे. भाजीवाले आणि मागच्या वस्तीतील लोक हरकत घेत आहेत. आमचा निर्णय त्यांना बंधनकारक नाही का?
— रहिवासी, धुळे

उत्तर : नाही, आणि काटेकोरपणे पाहिल्यास तो आपल्या शेजाऱ्यालाही बंधनकारक नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाचा ठराव म्हणजे एकत्र बसलेल्या शेजाऱ्यांचा समजूतदारपणा. वर्गणी द्यायला कोणी नकार दिला तर ती वसूल करण्याचे साधन मंडळाजवळ नसते. मंजूर ले-आउटमधील रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला असेल तर तो सार्वजनिक रस्ता आहे, मग डांबर आपण वर्गणीतून टाकलेले असले तरी. तसे झाले आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात ले-आउटच्या मंजुरीच्या अटींसह पाहावे. सार्वजनिक रस्ता फाटक लावून अडवता येत नाही, हे भाजीवाल्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कॅमेऱ्यांचे तसे नाही. स्वतःच्या कुंपणाच्या आत, स्वतःच्या खांबावर लावलेल्या कॅमेऱ्यात समोरचा रस्ता दिसला तर त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि पोलीसही अशा चित्रणाचे स्वागतच करतात. विजेच्या किंवा महापालिकेच्या खांबावर कॅमेरा बांधायचा असेल तर मात्र त्या त्या कार्यालयाची लेखी परवानगी हवी. माझा सल्ला असा, की आधी मंडळाची रीतसर नोंदणी करा, कॅमेरे दोन्ही तोंडांच्या बंगल्यांच्या आवारात त्या मालकांच्या लेखी संमतीने लावा, ‘येथे चित्रण सुरू आहे’ असा मराठी फलक वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावा, आणि फाटकांचा नाद सोडा. वाहनांचे क्रमांक टिपायचे असतील तर कॉलनीच्या तोंडाशी रुंद कोनाच्या भिंगाचा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. त्यात गाडी दिसते, क्रमांक दिसत नाही. त्या जागेसाठी लांब भिंगाचा एक स्वतंत्र कॅमेरा घ्यावा. नवी खरेदी करताना एक लक्षात ठेवा : ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा निकषांची चाचणी सक्तीची आहे. त्याचे प्रमाणपत्र बिलासोबत मागावे. निम्म्या किमतीत मिळणारा जुना साठा गळ्यात पडण्याची शक्यता अजून आहे.

प्रश्न : मी चाळीसगाव येथील एका सोसायटीचा सचिव आहे. एका सभासदाच्या मोटारीवर ओरखडा पडला म्हणून ते तीन दिवसांचे संपूर्ण चित्रण पेनड्राइव्हवर मागत आहेत. दुसरीकडे एका प्रकरणात पोलीस कर्मचारी तोंडी सांगून यंत्रच घेऊन जातो म्हणाले. दोघांनाही काय उत्तर द्यावे?
— सचिव, चाळीसगाव

उत्तर : सभासदाला त्यांची मोटार ज्या कॅमेऱ्यात दिसते, तेवढ्याच कॅमेऱ्याचे चित्रण, घटना घडली असावी त्या वेळेपुरते, आपल्या व आणखी एका समिती सदस्याच्या समोर दाखवावे. प्रत देऊ नये. तीन दिवसांच्या चित्रणात इतर सत्तर माणसांचे येणेजाणे आहे आणि त्यांपैकी कोणाच्याही मोटारीला ओरखडा पडलेला नाही. ओरखडा पाडणारा दिसला आणि सभासदांनी पोलिसांत तक्रार केली, तर तो तुकडा जपून ठेवावा आणि पोलिसांना द्यावा.

पोलिसांना सहकार्य करणे योग्यच आहे, परंतु ते कागदावर असावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने असे चित्रण मागवू शकतात, आणि तो आदेश मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. ‘साहेब, फाइलला लावायला एक पत्र द्या’ एवढे म्हटले की बहुधा ते मिळते. यंत्रच न्यायचे असेल तर पंचनामा होऊन आपल्याला पोच मिळाली पाहिजे, अन्यथा उद्या सोसायटीत दुसरी घटना घडली तर आपण मोकळ्या हातांनी उभे राहाल. चित्रणाची प्रत दिल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या पहिल्या भागावर यंत्राचा ताबा असलेल्या व्यक्तीची, म्हणजे बहुधा आपलीच, सही येते. त्यामुळे यंत्राची किल्ली सध्या वॉचमनजवळ असेल तर ती आजच स्वतःकडे घ्या.

प्रश्न : नंदुरबारला माझी सदनिका आहे, पण मी नोकरीनिमित्त सुरतेस राहतो. सदनिका तीन वर्षे बंद आहे. कॅमेऱ्यांसाठीची वर्गणी मी का द्यावी?
— एक वाचक, सुरत

उत्तर : सभेने रीतसर ठराव केला असेल तर द्यावी. आदर्श उपविधींनुसार वॉचमनच्या पगारासारखे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर सारखे आकारले जाते, आणि सुरक्षेचा खर्च सभा सहसा त्याच धर्तीवर वाटते. सदनिका बंद आहे की उघडी, मोठी आहे की लहान, याने फरक पडत नाही. रक्कम थकली तर संस्थेला निबंधकांमार्फत वसुलीची कारवाई करता येते. शिवाय, आपल्या दाराला तीन वर्षे कुलूप आहे. त्या इमारतीत कॅमेऱ्याची सर्वाधिक गरज कोणाला असेल तर ती आपल्यालाच आहे. पैसे पाठवताना सभेच्या ठरावाची प्रत मात्र अवश्य मागून घ्या, आणि आपल्या मजल्यावरील कॅमेऱ्याची दिशा कोणती ठरली ते त्यात वाचा.